वेल्समध्ये बस बंद झाली, तर जाब कुणाला विचारायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वेल्समधल्या छोट्या गावात तुम्ही राहता. दवाखान्याकडे जाणारी दुपारची बस बंद झाली. कौन्सिलर, म्हणजे स्थानिक कौन्सिलचे नगरसेवक, म्हणाले, कार्डिफने (तिथे बसणाऱ्या वेल्श सरकारने) पैसे दिले नाहीत. तुमच्या भागातल्या सेनेद (वेल्सचे विधिमंडळ) सदस्याच्या कार्यालयातून उत्तर आले की स्थानिक बसचा निर्णय कौन्सिलचा. लंडनच्या संसदेतल्या खासदारांनी कळवले, हा विषय आमच्याकडे येतच नाही. आणि तुम्ही विचारता, या तिघांपैकी खोटे कोण बोलतेय?

कुणीच नाही. तिघेही खरे बोलत आहेत, आणि तरी तुमची बस गेली आहे. मी चौदा वर्षे एका वेल्श कौन्सिलच्या वित्त विभागात काढली आणि पुढची पाच स्क्रुटिनी कमिटीच्या, म्हणजे कौन्सिलचे निर्णय तपासणाऱ्या सदस्य-समितीच्या, कार्यालयात. ही टोलवाटोलवी मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिली आहे, आणि खरे सांगायचे तर स्वतः केलीही आहे. म्हणून उत्तर जरा लांबण लावून देतो.

आपल्याकडून आलेल्या माणसाची पहिली चूक ही की तो इथे कलेक्टर शोधतो. गावात काही अडले की जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन ‘साहेबां’ना निवेदन द्यायचे, साहेब खालच्याला फोन करतात, काम होते किंवा होत नाही, पण साहेब आहेत हे नक्की. इथे तो माणूसच नाही. कौन्सिलच्या चीफ एक्झिक्युटिव्हला कौन्सिलच नेमते. कार्डिफहून बदली होऊन कुणी येत नाही. वेल्श सरकारचा मंत्री कौन्सिलच्या अधिकाऱ्याला फोन करून ‘ती बस सुरू करा’ असा हुकूम देऊ शकत नाही. दिला तर अधिकारी अदबीने ऐकून घेईल आणि आपल्या कॅबिनेटला, म्हणजे कौन्सिलचा कारभार पाहणाऱ्या कौन्सिलरांच्या मंडळाला, विचारेल. मग सरकार स्थानिक सेवांना आकार देते तरी कसे? हुकमाने कमी आणि पैशाने, कायद्याने व मार्गदर्शक सूचनांनी जास्त. तुमची बस या तिन्हींच्या फटीत पडली आहे.

आधी वरून सुरुवात करू. १८ सप्टेंबर १९९७ च्या सार्वमतात वेल्सने स्वतःच्या असेंब्लीच्या बाजूने कौल दिला तो अवघ्या ६,७२१ मतांच्या फरकाने. सुरुवातीला तिला मोठे कायदे करण्याचा अधिकार नव्हता. २०११ च्या दुसऱ्या सार्वमतानंतर तो पुरता मिळाला, आणि मे २०२० पासून तिचे नाव सेनेद झाले. (स्पेलिंगच्या शेवटी दोन डी असले तरी ‘सेनेड्ड’ म्हणू नका, समोरचा माणूस कळवळतो.) आरोग्य, शिक्षण, स्थानिक स्वराज्य, रस्ते, बस हे सगळे कार्डिफकडे. पोलिस, न्यायालये, तुरुंग आणि बहुतेक सामाजिक भत्ते अजूनही लंडनकडे. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये पोलिससुद्धा तिथल्या सरकारकडे आहेत, वेल्समध्ये नाहीत. त्यामुळे तुमच्या कौन्सिल टॅक्सच्या (घरपट्टीसारख्या स्थानिक कराच्या) बिलावर पोलिसांची वेगळी ओळ दिसते. ती कौन्सिल ठरवत नाही आणि कार्डिफचे मंत्रीही ठरवत नाहीत, तरी बिल मात्र कौन्सिलच्या नावाने येते. लोक शिव्या कौन्सिलला घालतात.

खासदारांचे उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे ते यामुळे. पण पूर्ण नाही. कार्डिफकडे येणारा बहुतांश पैसा लंडनच्या ट्रेझरीतून येतो, आणि किती वाढेल हे बार्नेट सूत्राने ठरते. जोएल बार्नेट हे १९७० च्या दशकाच्या अखेरीस ट्रेझरीत मंत्री होते; तात्पुरती सोय म्हणून आलेले त्यांचे सूत्र अजून चालू आहे. तत्त्व सोपे: सोपवलेल्या विषयांवर इंग्लंडमधला खर्च वाढला की लोकसंख्येच्या प्रमाणात वेल्सचाही हिस्सा वाढतो. २०१६ च्या कराराने या वाढीव हिश्शावर वेल्सला थोडे जास्तीचे मिळू लागले. पण एखादा खर्च ‘इंग्लंडचा’ की ‘इंग्लंड आणि वेल्सचा’ हे लंडनच ठरवते. एचएस-टू या वेगवान रेल्वेचा एकही फूट रूळ वेल्समध्ये नाही, तरी तो प्रकल्प ‘इंग्लंड आणि वेल्सचा’ ठरला. म्हणून स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडला त्यापोटी हिस्सा मिळाला, वेल्सला नाही. तेव्हा खासदारांना बसविषयी लिहू नका. वाहतुकीच्या या हिश्शाविषयी लिहा. तिथे त्यांना ‘आमच्याकडे येत नाही’ म्हणता येणार नाही.

आता पैसा कार्डिफला पोचला. वेल्श सरकारच्या दैनंदिन खर्चाचा निम्म्याहून अधिक भाग आरोग्य आणि समाजसेवा खात्याकडे जातो. उरलेल्यातून २२ कौन्सिलांना अनुदान. कौन्सिलांच्या खर्चापैकी साधारण दोन तृतीयांश पैसा या वाटेने येतो, बाकीचा बराचसा कौन्सिल टॅक्समधून. वाटणी सूत्राने होते: लोकसंख्या, शाळकरी मुले, गरिबी, विरळ वस्ती असे कितीतरी घटक. हे सूत्र पूर्ण समजलेली माणसे वेल्समध्ये मोजकीच असतील. मी त्यांतल्या दोघांबरोबर जेवायला बसलो आहे आणि ते एकमेकांशी सहमत नव्हते.

मुख्य मुद्दा असा की या मुख्य अनुदानावर कुठल्या कामासाठी याची चिठ्ठी लावलेली नसते. मंत्री सेनेदमध्ये उभे राहून सांगतात, ‘यंदाच्या रकमेत आम्ही समाजसेवेची गरज लक्षात घेतली आहे.’ ऐकणाऱ्याला वाटते, समाजसेवेला पैसे दिले. प्रत्यक्षात एकच थैली आली आहे आणि तिच्यावर सगळ्यांचे डोळे आहेत. त्यामुळे ‘आम्ही पैसे दिले’ हेही खरे, आणि ‘बससाठी पैसे मिळाले नाहीत’ हेही खरे.

त्यात भर टक्केवारीची. हा हिशेब दरवर्षी नव्या कौन्सिलरांना फळ्यावर मांडून दाखवावा लागायचा. आकडे समजण्यापुरते घेतो. समजा कौन्सिलचा खर्च १०० पौंड. त्यातले ७२ कार्डिफकडून, २८ कौन्सिल टॅक्समधून. पुढच्या वर्षी पगार, वीज, वृद्धांची देखभाल मिळून खर्च ५ टक्क्यांनी वाढला: १०५. कार्डिफने ३ टक्के वाढ दिली: ७४.१६. उरले ३०.८४, आणि ते २८ पौंड देणाऱ्या कौन्सिल टॅक्समधूनच उभे करायचे. म्हणजे १० टक्क्यांहून जास्त करवाढ. वरच्या सरकारला ‘३ टक्के वाढ दिली’ म्हणून पाठ थोपटून घेता येते आणि खाली गल्लीतल्या कौन्सिलरला दहा टक्क्यांचा जाब द्यावा लागतो. एवढी करवाढ करायला कुणी धजावत नाही. मग काटछाट.

काटछाट कुठे होते? इथे कायदा आडवा येतो. कौन्सिलच्या खर्चाचा फार मोठा भाग शाळा आणि समाजसेवा यांत जातो आणि तिथे कायद्याने बांधलेल्या जबाबदाऱ्या आहेत. उदाहरण वाहतुकीचेच घ्या. २००८ च्या वेल्श कायद्यानुसार प्राथमिक शाळेतले मूल शाळेपासून २ मैल किंवा जास्त आणि माध्यमिकचे ३ मैल किंवा जास्त दूर राहत असेल, तर मोफत ने-आण करणे कौन्सिलवर बंधनकारक आहे. नाही केली तर पालक कोर्टात जातील आणि जिंकतील. तुमच्या दुपारच्या बसला मात्र १९८५ च्या वाहतूक कायद्याचा आधार आहे, आणि त्याची भाषा मऊ: खासगी कंपनी जिथे बस चालवणार नाही तिथे कौन्सिलला ‘योग्य वाटेल’ तशी सेवा मिळवून द्यावी. ‘योग्य वाटत नाही’ असे ठरवले की जबाबदारी जवळपास संपली. ग्रंथालयाच्या वेळा, पोहण्याचा तलाव, खेळाची मैदाने, बस यांची गत सारखीच. सक्ती नाही किंवा सैल आहे, म्हणून कात्री इथेच फिरते. ‘बस नको’ असे खरे तर कुणीच ठरवलेले नसते. बाकीचे सगळे राखून झाल्यावर उरलेल्यात बस बसली नाही, इतकेच.

यातला विरोधाभास बघा. वेल्समध्ये २००२ पासून साठ वर्षांवरच्या सगळ्यांना बसप्रवास मोफत आहे. कार्डिफची सर्वांत लोकप्रिय योजना असावी. पण पास हा हक्क आहे आणि बस हा हक्क नाही. पास खिशात घेऊन रिकाम्या थांब्यावर उभे असलेले आजोबा मी स्वतः पाहिले आहेत.

हे कोडे सोडवायचा कार्डिफचा प्रयत्न म्हणजे बसची नवी रचना; तिचे विधेयक मार्च २०२५ मध्ये सेनेदसमोर मांडले गेले. १९८६ पासून लंडनबाहेरच्या ब्रिटनमध्ये बहुतेक ठिकाणी कुठली बस कुठे धावेल हे कंपन्या ठरवतात आणि सरकारी यंत्रणा उरलेली ठिगळे लावतात. नव्या रचनेत मार्ग आणि वेळापत्रक सार्वजनिक यंत्रणा ठरवेल, कंपन्या कंत्राटावर चालवतील. सुरुवात नैऋत्य वेल्सपासून, मग टप्प्याटप्प्याने इतरत्र. माझे मत विचाराल तर दिशा बरोबर आहे. पण याने निर्णयाचे केंद्र कौन्सिलकडून कार्डिफकडे सरकते. जाब विचारणे सोपे होईल, कारण मंत्री एकच. मात्र तुमच्या गावातला दवाखाना दुपारी दोनला उघडतो हे त्या मंत्र्याला सांगणार कोण, हा प्रश्न राहतोच.

वरून घोषणा आणि खालून अंमलबजावणी यांचे नाते कसे ताणले जाते त्याची दोन उदाहरणे देतो. प्राथमिक शाळेतल्या सगळ्या मुलांना मोफत जेवण, हा निर्णय कार्डिफचा. सप्टेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाला. चांगला निर्णय. पण स्वयंपाकघरे वाढवणे, माणसे नेमणे, भाजीवाल्याशी कंत्राट करणे कौन्सिलांनी. सरकार दर जेवणामागे ठरावीक रक्कम देते. महागाईने खर्च त्याच्या वर गेला की फरक कुठून भरायचा? त्याच ‘उरलेल्या’तून. दुसरे उदाहरण १७ सप्टेंबर २०२३ चे. वस्तीतल्या रस्त्यांवरची वेगमर्यादा ३० वरून २० मैलांवर आली. सेनेदच्या संकेतस्थळावरच्या विरोधी अर्जावर साडेचार लाखांहून अधिक सह्या पडल्या. गंमत अशी की कुठला रस्ता ३० वर ठेवायचा ही सवलत देण्याचा अधिकार स्थानिक रस्त्यांपुरता कौन्सिलांकडे होता. काही कौन्सिलांनी सढळ हाताने सवलती दिल्या, काहींनी जवळपास दिल्याच नाहीत, आणि राग सगळा कार्डिफवर निघाला. पुढे मंत्री बदलल्यावर सवलतींच्या सूचनाच बदलल्या. म्हणजे जाब विचारला गेला, फक्त जिथला निर्णय होता तिथे तो नेहमी पोचला नाही.

सरकार हातावर हात ठेवून बसते असेही नाही. कौन्सिल अगदीच ढासळली तर ते आत शिरते. अँगलसी बेटाच्या कौन्सिलमध्ये राजकीय भांडणे इतकी विकोपाला गेली की २०११ मध्ये मंत्र्यांनी आयुक्त पाठवून कारभार त्यांच्या हाती दिला. निवडणूकही पुढे ढकलून २०१३ मध्ये घेतली. आरोग्यात हे जास्त दिसते, कारण हेल्थ बोर्ड, म्हणजे त्या भागातली सरकारी आरोग्यसेवा चालवणारी संस्था, मंत्र्यांनाच उत्तरदायी असते, त्यावर निवडून आलेले मंडळ नसते. उत्तर वेल्सचे बेट्सी कॅडवालाडर बोर्ड जून २०१५ मध्ये ‘विशेष उपाययोजने’खाली, म्हणजे सरकारच्या कडक देखरेखीखाली, गेले, नोव्हेंबर २०२० मध्ये बाहेर काढले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये परत आत. विरोधकांनी तेव्हा हेच विचारले: इतकी वर्षे तुमच्या देखरेखीखाली होते, मग अपयश बोर्डाचे की तुमचे? प्रश्न रास्त होता. जो विषय मंत्र्यांच्या थेट हातात, तिथे खापर फोडायला दुसरे डोके सापडत नाही. तुमची बस बंद होऊन दवाखान्याच्या वेळा चुकत असतील तर हेल्थ बोर्डालाही पत्र टाका, ते याच कारणाने.

आणि सरकारच नसेल तर? उत्तर आयर्लंडने हे दोनदा भोगले: जानेवारी २०१७ ते जानेवारी २०२०, आणि पुन्हा फेब्रुवारी २०२२ पासून दोन वर्षे. दवाखाने आणि शाळा चालू होत्या, पगार होत होते, पण धोरण बदलायचे तर सही करणारा मंत्री नव्हता. तिथल्या सहकाऱ्यांचे अनुभव ऐकल्यापासून मी कार्डिफच्या मंत्र्यांना शिव्या जरा कमी घालतो.

आता तुम्ही काय करायचे.

आधी ती बस कुणाची हे शोधा. लांब पल्ल्याची ‘ट्राउसकम्री’ असेल तर ती ट्रान्सपोर्ट फॉर वेल्सची, म्हणजे वेल्श सरकारच्या मालकीच्या कंपनीची. मग कौन्सिलला लिहून उपयोग नाही. खासगी कंपनी स्वतःच्या हिशेबावर चालवत होती आणि परवडत नाही म्हणून थांबली, की कौन्सिल तिला अनुदान देत होती आणि ते बंद केले? यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. थांब्यावरच्या कागदावरून कळणार नाही. कौन्सिलच्या वाहतूक विभागाला माहितीच्या अधिकाराखाली विचारा. २० कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावे लागते. तीनच गोष्टी मागा: त्या मार्गाला गेल्या तीन वर्षांत वर्षागणिक किती अनुदान दिले, प्रवासी किती होते, आणि अनुदान थांबवण्याचा निर्णय कोणत्या तारखेला कुणाच्या सहीने झाला. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत मोलाचे. बऱ्याचदा तो निर्णय कॅबिनेटपर्यंत गेलेलाच नसतो. अधिकाऱ्याने सोपवलेल्या अधिकारात उरकलेला असतो, आणि तुमच्या कौन्सिलरलाही ते तुमच्याकडूनच कळते.

निर्णय कॅबिनेटचा आणि ताजा असेल तर स्क्रुटिनी कमिटी तो परत तपासायला मागवू शकते. पण मुदत फार तोकडी, काही दिवसांची. बहुतेक लोक आमच्याकडे यायचे ते मुदत टळल्यावर, वरातीमागून घोडे. तरी कमिटीच्या अध्यक्षांना पत्र लिहा. वर्षभराचा कामाचा आराखडा कमिटी ठरवते आणि त्यात ‘दवाखान्यापर्यंतची वाहतूक’ हा विषय घालणे अवघड नसते. पाचशे सह्यांच्या निवेदनापेक्षा सहा माणसांनी आपापल्या शब्दांत लिहिलेली पत्रे कमिटीत जास्त वाचली जातात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

खरी लढाई मात्र हिवाळ्यात असते. सरकार अनुदानाचे तात्पुरते आकडे शरदाच्या अखेरीस किंवा डिसेंबरात जाहीर करते, कौन्सिला जानेवारीत काटछाटीच्या याद्या मांडतात, आणि ११ मार्चच्या आत कौन्सिल टॅक्स ठरवावाच लागतो. म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी या तीन महिन्यांत तुमच्या पत्राला वजन आहे. एप्रिलमध्ये बस बंद झाल्यावर कितीही ओरडलात तरी थैली वाटून संपलेली असते. जानेवारीतली ती लांबलचक यादी वाचा. बसचे नाव तिथे ‘बस’ म्हणून येणारच असे नाही. ‘अनुदानित सेवांचे सुसूत्रीकरण’ असे काहीतरी असते.

लोकपालांकडे जायचा सल्ला तुम्हाला कुणी दिला आहे असे दिसते. जा, पण काय मिळेल ते समजून जा. वेल्सचे सार्वजनिक सेवा लोकपाल कारभारातली चूक बघतात: सल्लामसलत करू म्हणून केली नाही, पत्राला उत्तर दिले नाही, स्वतःचेच नियम मोडले. घटना कळल्यापासून वर्षाच्या आत आणि आधी कौन्सिलकडे तक्रार करून जावे लागते. ‘निर्णय वाईट आहे’ एवढ्यावर ते काही करत नाहीत. सार्वजनिक संस्थांचे लेखापरीक्षण करणारी ऑडिट वेल्स तर व्यक्तिगत तक्रारी सोडवतच नाही, पण तुमच्या कौन्सिलवरचे त्यांचे अहवाल जरूर वाचा. कौन्सिलच्या गंगाजळीचा अंदाज तिथे मिळतो, आणि ‘पैसेच नाहीत’ हे कितपत खरे तेही कळते.

सेनेद सदस्याला ‘बस सुरू करा’ असे लिहू नका. त्यांनी तुम्हाला दिलेले उत्तर पुन्हा येईल. असे लिहा: ‘मोफत पासाची योजना सरकारची आहे, आमच्या भागात पासधारकांना दवाखान्यापर्यंत जायला बस उरलेली नाही, याबद्दल मंत्र्यांना लेखी प्रश्न विचारावा.’ आता निर्णय कुणाचा हा मुद्दाच येत नाही, कारण पास कार्डिफचा. २०२६ च्या निवडणुकीपासून सेनेदमध्ये ९६ सदस्य आणि प्रत्येक मतदारसंघातून सहा, अशी रचना कायद्याने केली आहे. सहाही जणांना लिहा. वेगवेगळ्या पक्षांचे असतील तर एकाने प्रश्न विचारला हे दुसऱ्याच्या कानावर जाईल याची काळजी घ्या. आणि भारतीय पासपोर्टवर असाल तरी तुम्हाला इथे मत आहे, कौन्सिललाही आणि सेनेदलाही. नाव नोंदवले नसेल तर आजच नोंदवा. पत्र लिहिणारा मतदार आहे की नाही हे कार्यालये बघतात, कबूल कुणी करत नाही.

एक राहिले. तुमच्या बसचा शेवटचा थांबा शेजारच्या कौन्सिलच्या हद्दीत आहे असे तुम्ही ओझरते लिहिले आहे. मला वाटते सगळी गोम तिथेच असेल. हद्द ओलांडणाऱ्या मार्गाचा खर्च दोन कौन्सिला वाटून घेत असतील, तर एकीने हात काढला की दुसरीला एकटीने पेलत नाही, आणि दोघीही ‘आम्ही बंद केली नाही’ असे सांगतात. माहितीचा अर्ज दोन्हीकडे टाका, एकाच दिवशी, एकाच मजकुराचा. कुणी आधी माघार घेतली ते तारखांवरून कळेल.